फिरत्या लेखनासाठी लहान लॅपटॉप

लेखन हे संगणकाच्या दृष्टीने अगदी हलके काम आहे. युनिकोडमधले देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत ३ बाइट जागा घेते. या हिशेबाने दोन हजार शब्दांचा लेख साध्या मजकुराच्या रूपात ३५ ते ४० किलोबाइट होतो आणि लाखभर शब्दांची कादंबरी २ मेगाबाइटच्या आसपास राहते. मोबाइलने काढलेला एकच फोटो बहुधा याहून मोठा निघतो. त्यामुळे जाहिरातीत ठळकपणे छापलेले प्रोसेसरचे आणि साठवणुकीचे आकडे लिहिणाऱ्याच्या फारसे कामाचे नसतात. कीबोर्डवर हात कसा बसतो, पडद्यावर किती ओळी दिसतात, खांद्यावर किती वजन येते आणि बॅटरी किती वेळ टिकते, या चार गोष्टींवर निवड ठरते. मराठीत लिहायचे असेल तर पहिल्या दोन गोष्टींना इंग्रजीपेक्षा जास्त महत्त्व येते, कारण देवनागरीला कीबोर्ड आणि पडदा दोन्ही जरा जास्त लागतात.

लहान संगणक आणि फिरते काम यांचा मोठ्या प्रमाणावरचा एक प्रयोग मुंबईच्या गोवंडीतून चालवला गेला. गोवंडी स्थानकाकडून देवनारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. १९५६ साली सुरू झालेली ही संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते. या सर्वेक्षणाच्या २०१५-१६ मधल्या चौथ्या फेरीत देशभरातल्या ६ लाखांहून अधिक घरांत माणसे पोहोचली आणि जवळपास ७ लाख स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. मुलाखती घेणाऱ्यांच्या हातात कागदी प्रश्नावलीऐवजी छोटे नोटबुक संगणक होते. प्रश्न स्थानिक भाषेत पडद्यावर येत आणि उत्तर तिथेच नोंदवले जाई. एका उत्तराशी दुसरे विसंगत असेल तर संगणक लगेच तसे दाखवी, म्हणजे चूक त्याच घरात, त्याच माणसाला विचारून दुरुस्त करता येई. पूर्वी हे काम कागदांचे गठ्ठे कार्यालयात पोहोचल्यावर होत असे.

दारात उभे राहून किंवा ओट्यावर बसून उत्तरे नोंदवायला छोटे यंत्र पुरते. बहुतेक उत्तरे पर्यायाचा क्रमांक किंवा एखादा आकडा एवढीच असतात. याच परिसरात, शीव-ट्रॉम्बे रस्त्यालगत, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. १९३६ साली स्थापन झालेली ही संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. सगळे तिला ‘टिस’ म्हणतात. तिथल्या विद्यार्थ्यांचे काम वेगळ्या जातीचे आहे. वस्तीत जाऊन दोन तास बोलायचे, मग त्या बोलण्याची सविस्तर टिपणे त्याच दिवशी, आठवण ताजी असताना लिहून काढायची. एका मुलाखतीचे शब्दशः लेखन काही हजार शब्दांवर जाते. आकडे भरायला पुरणारे यंत्र इथे बोटांना जड जाते. वार्ताहर, अनुवादक, स्पर्धा परीक्षेची टिपणे काढणारे, कथा-कादंबरी लिहिणारे, सगळ्यांची गरज या दुसऱ्या प्रकारची. लॅपटॉप लहान हवा, पण कीबोर्ड लहान नको, ही या साऱ्या निवडीतली मूळ अडचण आहे.

पडद्याचे माप आणि कीबोर्डची रुंदी यांचा थेट संबंध असतो. पूर्ण मापाच्या कीबोर्डात एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते आणि एका ओळीत पंधरा कळींची रुंदी मावते. म्हणजे कीबोर्डला साडेअठ्ठावीस सेंटिमीटर रुंदी लागते. १६:१० प्रमाणाचा १३.३ इंची पडदा नेमका तेवढाच रुंद असतो. १२.५ इंची यंत्रात पडद्याभोवतीची चौकट जमेस धरून पूर्ण कीबोर्ड बसवता येतो. त्याखाली मात्र बनवणाऱ्याला कुठेतरी कात्री लावावी लागते. १०-११ इंची यंत्रांत ही कात्री बहुधा उजव्या कडेला लागते. मधल्या अक्षरांच्या कळी जवळजवळ पूर्ण मापाच्या ठेवतात. अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरकी रेघ या कळी अर्ध्या-पाऊण रुंदीच्या होतात आणि उजवी शिफ्ट आखूड होते. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे चालून जाते, कारण त्या कळींवर विरामचिन्हे असतात.

मराठी लिहिणाऱ्याला ते चालत नाही. भारत सरकारने प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट आराखड्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला आहेत. व्यंजनांची संख्या जास्त असल्याने ती उजव्या कडेपर्यंत पसरली आहेत. अर्धविरामाच्या कळीवर च, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर ट, चौकटी कंसाच्या कळीवर ड, तिरक्या रेघेवर य, आणि वरच्या ओळीत बरोबरच्या चिन्हावर ऋकार. ‘च्या’ हा प्रत्यय टंकायला चार कळी दाबाव्या लागतात : च, पाय मोडण्याचे चिन्ह, य आणि काना. यांतल्या दोन कळी नेमक्या त्या कापल्या जाणाऱ्या कडेवरच्या आहेत. मराठीत ‘च्या’ किती वेळा येतो हे सांगायला नको. चा, ची, चे हे प्रत्ययही त्याच कळीने सुरू होतात.

उजव्या शिफ्टचीही तीच गोष्ट. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताच्या कळींवर काना, वेलांटी, उकार, मात्रा आहेत आणि शिफ्टसह त्याच कळी आ, इ, उ, ए हे पूर्ण स्वर देतात. दहा बोटांनी टंकणारा डाव्या हाताच्या कळीसाठी शिफ्ट उजव्या करंगळीने दाबतो. ‘आहे’, ‘आणि’, ‘आता’, ‘एक’, ‘असे’ या शब्दांची सुरुवातच उजव्या शिफ्टने होते. ती शिफ्ट आखूड असली किंवा तिच्या आणि तिरक्या रेघेच्या मध्ये बाणाची कळ घुसवलेली असली, तर करंगळी भलतीकडे पडते, खूण ओळीबाहेर उडी मारते आणि लिहिणाऱ्याची तंद्री मोडते. म्हणून दुकानात कीबोर्ड पाहताना आधी उजवी कडा पाहावी.

रोमन अक्षरांतून उच्चारानुसार टंकणाऱ्यांना ही अडचण जवळजवळ येत नाही. विंडोजमध्ये २०१९ पासून मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड अंगचाच मिळतो आणि मोबाइलवर वाढलेल्या पिढीला तोच सोयीचा वाटतो. टंकलेखन संस्थेत जुन्या यंत्रावर हात बसलेल्यांना रेमिंग्टन आराखडा हवा असतो. इनस्क्रिप्टचा फायदा असा, की तो विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींत वेगळे काही न उतरवता मिळतो आणि एका अक्षराला एकच ठरलेली कळ असल्याने शब्दांचे पर्याय निवडत बसावे लागत नाही. रोज दोन-तीन पाने लिहिणाऱ्याने थोडा वेळ काढून तो शिकून घेणे खरोखर हिताचे आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांच्या कळींवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात; सुरुवातीला कळींवर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, त्या लावाव्यात.

कळ किती खोल जाते हेही बोटांना कळते. पातळ लॅपटॉपांत ही खोली साधारण १ ते दीड मिलिमीटर असते. दीडच्या जवळची कळ दाबल्याची पोच बोटाला नीट मिळते. अगदी उथळ कळींवर तासाभराने बोटांची टोके दुखू लागतात. कळींखालचा मंद प्रकाश ही चैन वाटली तरी गोवंडीसारख्या भागातल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो गरजेचा होतो. घरातली माणसे झोपल्यावर, दिवा न लावता, पडद्याचा उजेड कमी करून लिहावे लागते. अशा वेळी कळींचा खटखटाट आणि पंख्याचा आवाज या गोष्टीही निवडीत धराव्या लागतात.

पडद्याबाबत सर्वांत उपयोगी माप कर्ण नसून उंची आहे. दुकानात मात्र कर्णच सांगितला जातो. १६:९ प्रमाणाच्या १४ इंची पडद्याची उंची सुमारे १७.४ सेंटिमीटर असते. १६:१० च्या १३.३ इंची पडद्याची १७.९. म्हणजे नावाने लहान असलेला पडदा उंचीने मोठा निघतो. ३:२ प्रमाणाचा १३.५ इंची पडदा तर १९ सेंटिमीटर उंच असतो आणि १५.६ इंची मोठ्या लॅपटॉपच्या १९.४ सेंटिमीटर उंचीला जवळजवळ गाठतो. ११.६ इंची पडद्याला जेमतेम १४.४ सेंटिमीटर मिळतात. सिनेमासाठी रुंदी लागते, परिच्छेद वाचायला उंची. देवनागरीत शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार चढतात, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय उतरतो, त्यामुळे दोन ओळींतले अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते. तेवढ्याच उंचीत मराठीच्या ओळी कमी मावतात आणि आधीचा परिच्छेद लवकर वर निघून जातो. लिहिताना मागचे वाक्य डोळ्यांसमोर असणे किती महत्त्वाचे आहे हे लांब मजकूर लिहिणारा प्रत्येकजण जाणतो.

पडद्याची स्पष्टता ठिपक्यांच्या दाटीवर ठरते. जुन्या स्वस्त १४ इंची यंत्रांत १३६६ गुणिले ७६८ ठिपके असत, म्हणजे इंचाला सुमारे ११२. त्यावर ‘ष्ट्र’ किंवा ‘क्ष्म’ यांसारखी जोडाक्षरे गिचमिड होतात आणि वेलांटीवरचा अनुस्वार आहे की नाही हे डोळे बारीक करून पाहावे लागते. ‘मुलींनी’ आणि ‘मुलीनी’ यांतला फरक असा निसटतो. १९२० गुणिले १२०० ठिपक्यांच्या १३.३ इंची पडद्यावर इंचाला १७० ठिपके येतात आणि हा त्रास उरत नाही. उजेडाचे माप निट्समध्ये देतात. खिडकीजवळ किंवा उघड्यावर लिहायचे असेल तर ३०० निट्सच्या वरचा आणि न चमकणारा पडदा घ्यावा. चकचकीत पडद्यात मागच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दिसत राहते.

संगणकांच्या इतिहासातही कीबोर्डचे हे महत्त्व दिसते. १९८१ सालचा ऑस्बोर्न-१ उचलून नेता येणारा म्हणून विकला गेला, पण तो दहा किलोंहून जड होता आणि त्याला विजेची जोडणी लागे. १९८३ साली आलेल्या टीआरएस-८० मॉडेल १०० चा पडदा केवळ आठ ओळींचा होता. तरी त्याला पूर्ण मापाचा चांगला कीबोर्ड होता, वजन दीड किलोच्या आत होते आणि तो चार साध्या पेन्सिल सेलवर वीसेक तास चाले. परदेशी वार्ताहरांनी तो वर्षानुवर्षे वापरला. २००७ साली आसुसचा सात इंची ईईई पीसी आला. एक किलोहून हलका आणि स्वस्त असल्याने तो झपाट्याने खपला आणि ‘नेटबुक’ नावाचा वर्गच तयार झाला. पण आखडलेल्या कळींवर पानेच्या पाने लिहिणे जिकिरीचे होते. पुढे टॅब्लेट आणि पातळ लॅपटॉप आल्यावर नेटबुक मागे पडले. मराठीची वाट आणखी उशिरा मोकळी झाली. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डासारखे वेगळे साधन संगणकात बसवून देवनागरी लिहावी लागे. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी अंगचीच आली, तेव्हा कोणत्याही लॅपटॉपवर मराठी लिहिण्याची सोय झाली.

वजनाचा विचार चार्जरसकट करायचा असतो. १५.६ इंची लॅपटॉप दोन किलोंच्या आसपास भरतो. जुन्या धाटणीचा विटेसारखा चार्जर आणि त्याची दोरी तीनशे-चारशे ग्रॅमची भर घालते. त्यात पाण्याची बाटली, डबा आणि पावसाळ्यात छत्री. सकाळी पनवेलहून भरून आलेल्या हार्बर लोकलमध्ये गोवंडीला चढणाऱ्याला ही पिशवी पाठीवरून काढून पोटाशी धरावी लागते. सव्वा किलोचा लॅपटॉप आणि शंभर-सव्वाशे ग्रॅमचा गॅलियम नायट्राइडचा लहान चार्जर घेतला तर जवळजवळ एक किलो वाचते. आज १३-१४ इंची यंत्रे सव्वा ते दीड किलोत सहज मिळतात. लेनोवोच्या थिंकपॅड एक्स-१ नॅनोसारखी काही एक किलोच्याही खाली आहेत, पण शेवटचे दोन-तीनशे ग्रॅम कमी करण्याची किंमत फार मोठी असते. सव्वा किलोपाशी थांबणे बहुतेकांना परवडते.

लोकलमध्ये बसायला मिळाले तरी समोरच्याचे गुडघे आणि आपले गुडघे यांत फारशी जागा नसते. यंत्राचा तळ मांडीवर स्थिर राहिला पाहिजे आणि झाकण मागे कलायला जागा उरली पाहिजे. जोडायच्या कीबोर्डचा टॅब्लेट इथे कमी पडतो. त्याच्या पाठीचा टेकू मांडीवर आणखी वीतभर जागा मागतो आणि वजन सगळे पडद्यात असल्याने तो मागे पडतो. टेबलावर लिहिणाऱ्याला टॅब्लेट ठीक आहे. फोन आणि घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड ही जोडी सर्वांत हलकी. ती घेण्याआधी आपला मराठी आराखडा त्या जोडीवर चालतो का, हे चार वाक्ये टंकून पाहावे.

लोकलच्या डब्यात चार्जर लावायला सॉकेट नसते आणि वस्तीतल्या मुलाखतीच्या वेळी दुसऱ्याच्या घरची वीज मागणे बरे दिसत नाही, म्हणून बॅटरी दिवसभर टिकावी लागते. तिचा हिशेब सोपा आहे. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत असते. तिला यंत्राच्या सरासरी खर्चाने भागले की तास मिळतात. नुसते लिहिताना, वायफाय बंद आणि उजेड मध्यम ठेवून, आजचा काटकसरी लॅपटॉप ५ ते ८ वॅट घेतो. ५० वॅट-तासांची बॅटरी त्यावर सहा ते दहा तास चालते. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत ७४ वॅट-तास असतात. रूपांतरात काही वाया गेले तरी लॅपटॉप एकदा भरण्याइतके उरतात. मात्र लॅपटॉप टाइप-सी मार्गाने भरणारा हवा आणि पॉवर बँकेला पॉवर डिलिव्हरीची सोय हवी. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते.

आतल्या भागांविषयी थोडक्यात सांगता येते. ८ जीबी रॅम पुरते. ४ जीबीत ब्राउझर आणि लेखनाचा प्रोग्राम एकत्र उघडले की यंत्र अडखळते. साठवणूक २५६ जीबी भरपूर झाली, पण ती एसएसडी असावी. स्वस्त यंत्रांतली ईएमएमसी साठवणूक मंद असते. एक साधा यूएसबी पोर्ट असेल तर उत्तम, कारण झेरॉक्सच्या दुकानात अजून पेनड्राइव्हच मागतात. पंखा नसलेले यंत्र, उदाहरणार्थ २०२० नंतरचे मॅकबुक एअर, मुंबईच्या मे महिन्यात मांडीवर घेऊन लिहिताना आवाज करत नाही आणि साध्या लेखनात फारसे तापतही नाही.

विद्यार्थ्यांना आणि नवोदित लेखकांना नव्या यंत्राची किंमत बहुधा झेपत नाही. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वापरून बदललेले व्यावसायिक लॅपटॉप हा चांगला मार्ग आहे. थिंकपॅडची एक्स मालिका, डेलचे लॅटिट्यूड ७०००, एचपीचे एलिटबुक ८०० ही यंत्रे रोजच्या प्रवासासाठीच घडवलेली असतात. त्यांचे कीबोर्ड चांगले असतात आणि सुटे भाग वर्षानुवर्षे मिळतात. मुंबईत त्यांचा मोठा बाजार ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर भरतो. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. गोवंडीहून कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड गाठता येते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणून २०१८ च्या सुमाराची थिंकपॅड एक्स-२८० किंवा लॅटिट्यूड ७२९० ही १२.५ इंची यंत्रे खालची मर्यादा समजावीत. त्याआधीचे यंत्र स्वस्तात मिळाले तर त्यावर लिनक्स घालून लिहिता येते. लिनक्सवरही इनस्क्रिप्ट आणि लिबरऑफिस आहेच. एक्स-२८० ची रॅम मदरबोर्डावरच जोडलेली असते, ती मागाहून वाढवता येत नाही. ८ जीबीचेच यंत्र पाहावे.

जुने यंत्र घेताना दुकानातच तपासणी करावी. कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरीचा अहवाल काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. आताची क्षमता मूळच्या दोन-तृतीयांशाखाली गेली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरावी. मग नोटपॅड उघडून, मराठी आराखडा लावून एक परिच्छेद टंकावा. त्यात ‘च्या’, ‘ट्य’, ‘ड्या’, ‘ज्ञ’, ‘ळ’, ‘कृ’, ‘आ’, ‘ए’ सगळे येईल असे पाहावे. ‘सुट्ट्यांच्या’ आणि ‘आवडत्या’ हे दोन शब्द टंकले तरी उजव्या कडेच्या बऱ्याच कळींची परीक्षा होते. एखादी कळ दोनदा उमटत असेल किंवा जोर मागत असेल तर तिथेच कळते. पांढरा आणि काळा पडदा पूर्ण भरून डाग पाहावेत, झाकण निम्म्यावर सोडून बिजागरी सैल आहे का ते पाहावे, टाइप-सी चार्जर लावून हलकेच हलवून पाहावा. कंपनीचा पासवर्ड यंत्राच्या मूळ व्यवस्थेत शिल्लक राहिलेला नाही, याचीही खात्री करावी. तो नंतर काढता येणे अवघड असते.

पावसाळ्यात कुर्ला-चुनाभट्टीच्या पट्ट्यात रुळांवर पाणी साचून हार्बरची गाडी थांबते आणि लोकांना गुडघाभर पाण्यातून चालावे लागते. पाठीवरच्या पिशवीचे आवरण शिवणीतून झिरपते, म्हणून लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत आणि मग पाकिटात ठेवावा. यंत्र ओले झाले तर लगेच बंद करून उलटे ठेवावे आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये. मजकूर इतका लहान असतो, की दिवसाचे काम संपल्यावर फोनच्या हॉटस्पॉटवरून तो स्वतःला ईमेल करायला किंवा क्लाउडवर चढवायला काही क्षण पुरतात. विकत घेताना बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. चोरी झाल्यास पोलिसांत तक्रार देताना तोच लागतो, आणि दुकानदाराने दिलेली महिन्या-दोन महिन्यांची हमीही त्याच बिलावर मागता येते.